खालचं पान
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'आपल्या शाळेचा बँड'. आठवणी सांगायला माझ्यापेक्षा चांगले वक्ते आजच्या यादीत आहेत, त्यांच्या वाट्याचं मी खाणार नाही. मी बँडमधल्या एकाच वाद्याबद्दल बोलणार आहे, साइड ड्रमबद्दल. त्याला कारण आहे. जेवणानंतरच्या बैठकीत एक ठराव येणार आहे: आपल्या बॅचने वर्गणी काढून शाळेला सहा नवे साइड ड्रम द्यावेत, कारण जुने 'वाजत नाहीत'. वर्गणीला माझी ना नाही. पण काल संध्याकाळी मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी ते सहाही ड्रम खेळाच्या सामानाच्या खोलीतून बाहेर काढले आणि तासभर तपासले. त्यातला एक खरोखरच गेलेला आहे, त्याचा पत्रा जोडावर उसवला आहे. उरलेले पाच चांगले आहेत. ते वाजत नाहीत कारण ते लावलेले नाहीत. तंबोरा लावतात, तबला लावतात, त्या अर्थाने 'लावणं' म्हणतोय मी.

ड्रमही लावावा लागतो, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. पंचवीस वर्षं मी ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवले, आता वाजवतो कमी आणि दुरुस्त जास्त करतो. आजही कार्यक्रमाआधी मी चावी घेऊन ड्रमभोवती फिरायला लागलो की कोणीतरी विचारतंच, "काय हो, बोल्ट ढिले झाले का?" तबलजी हातोडी घेऊन बसला की मात्र सगळे गप्प बसतात. असो.

आधी वाद्य समजून घेऊ. बँडवाले ज्याला साइड ड्रम म्हणतात त्याचाच ड्रमसेटमधला भाऊ म्हणजे स्नेअर ड्रम. तोंड साधारण 14 इंच. सेटमधला पाच ते साडेसहा इंच उंच असतो, गळ्यात अडकवायचा त्याहून उंच. ढोल-पथकात ज्यांनी काम केलंय त्यांच्या शब्दांत सांगतो: मधे पिंप, वर एक पान, खाली एक पान. पानावर लोखंडी कडं आणि कड्याला बोल्ट, बहुधा आठ किंवा दहा. वरचं पान, म्हणजे ज्यावर काठी पडते ते, साधारण पाव मिलिमीटर जाडीचं. खालचं त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं, इतकं पातळ की ट्रेसिंग पेपरची आठवण यावी. त्या पातळ पानाला चिकटून आडव्या जातात वळणावळणाच्या तारा, सेटच्या ड्रमला सहसा वीस. बाजूला एक खटका. खटका लावला की तारा पानाला टेकतात, सोडला की सुटतात.

आता यातला आवाज कुठून येतो? काठी वर पडते. वरचं पान आत दबतं, त्याने आतली हवा ढकलली जाते, हवा खालच्या पानाला ढकलते. पान खाली जातं, तारा त्याच्यापासून क्षणभर सुटतात आणि परत येऊन आपटतात. हे पुन्हा पुन्हा, इतक्या वेगाने होतं की आपल्याला एकच 'झर्र' ऐकू येते. परेडमध्ये आपल्याला जो आवाज ओळखीचा आहे तो या आपटण्याचा आहे. तारा काढून टाका, काठी तितक्याच जोरात मारा. उरतो एक पोकळ, ढबढब करणारा डबा. म्हणजे या वाद्याचा जीव खाली आहे, जिथे कोणी वाजवत नाही आणि कोणी बघतही नाही.

आणि लोक काय करतात? आवाज बसका वाटला की वरचे बोल्ट आवळतात. पुन्हा बसका वाटला, पुन्हा आवळतात. काल मी पाहिलेल्या पाचही ड्रमची वरची पानं इतकी ताणलेली होती की त्यांचा 'टक टक' असा लाकडी आवाज येत होता, आणि खालची पानं सैल, एकाला तर चक्क सुरकुत्या. सैल पानावर तारा नीट आपटत नाहीत, लोळतात. मग दोन काठ्यांमधलं अंतर पुसलं जातं आणि सगळी लय चिखलातून चालल्यासारखी होते. त्या आवाजाला कंटाळून मुलं आणखी जोरात बडवतात. त्याने वरचं पान खचतं. शेवटी कोणीतरी म्हणतं, नवीन घ्या.

सर आज समोर बसले आहेत. सर, तुम्हाला आठवत असेल की नाही ठाऊक नाही, पण परेडच्या आदल्या दिवशी तुम्ही प्रत्येक ड्रम उलटा करून मांडीवर घ्यायचात आणि खालच्या पानाच्या मध्यावर अंगठा दाबून पाहायचात. आम्ही पोरं म्हणायचो, सर ड्रमची नाडी बघतात. तुम्ही कधी कारण सांगितलं नाहीत आणि आम्ही कधी विचारलं नाही. पुढे या धंद्यात पडल्यावर कळलं की चांगले ड्रमर तेच करतात.

तर लावायचं कसं? हे जरा सविस्तर सांगतो, कारण माझी इच्छा आहे की हे नववीच्या मुलांनी स्वतः करावं.

सुरुवात खालून. पान उतरवायचं, पिंपाचा काठ कोरड्या फडक्याने पुसायचा आणि बोट फिरवून बघायचं. कुठे पोचा, कुठे जुन्या चिकटपट्टीचा डिंक असेल तर तिथे पान कधीच नीट बसणार नाही. पिंप काचेच्या टेबलावर उभं ठेवून आतून बॅटरीचा प्रकाश टाकला की काठ कुठे उचललाय ते लगेच दिसतं. मात्र खालच्या काठाला समोरासमोर दोन ठिकाणी उथळ खाच मुद्दाम ठेवलेली असते, तारा पानाला सपाट चिकटाव्यात म्हणून. तो दोष समजून कोणी कानस चालवू नये! बोल्टांना शिवणयंत्राचं तेल, एकेक थेंब पुरे. वायसर सगळे जागेवर हवेत. वायसर नसला की तो बोल्ट वाजवता वाजवता सुटत जातो.

मग पान ठेवायचं, कडं ठेवायचं आणि सगळे बोल्ट नुसते बोटांनी, लागतील तिथपर्यंत फिरवायचे. आता चावी. एक बोल्ट अर्धा फेरा, लगेच त्याच्या बरोब्बर समोरचा अर्धा फेरा, मग काटकोनातली जोडी, मग उरलेले, तेही समोरासमोर. गोल फिरत शेजारशेजारचे आवळायचे नाहीत, त्याने पान एका बाजूला ओढलं जातं. स्कूटरच्या चाकाचे नट आवळताना आपण हेच करतो. सुरकुत्या गेल्या की फेरा पाव करायचा.

यानंतरचं काम कानाचं. दुसऱ्या बाजूचं पान गप्प राहायला हवं म्हणून ड्रम घडी घातलेल्या सतरंजीवर ठेवायचा. तारा पानापासून दूर. मग प्रत्येक बोल्टच्या समोर, कडेपासून इंचभर आत, बोटाने किंवा काठीच्या टोकाने हलकेच टिचकी मारायची. खालच्या पानावर तर जपूनच, ते पातळ आहे. प्रत्येक ठिकाणचा स्वर ऐकायचा. जिथे उतरलेला लागेल तिथे किंचित चढवायचं, जिथे चढा लागेल तिथे उतरवायचं. उतरवताना एक पथ्य आहे, तंबोऱ्याच्या खुंटीचं आहे तेच: हव्या त्या जागेच्या थोडं खाली जायचं आणि तिथून वर यायचं. वरून खाली येऊन थांबलं तर आट्यांमधली ढील राहून जाते आणि पाच मिनिटांत स्वर सरकतो. एका बोल्टला हात लावला की समोरचाही थोडा बदलतो, म्हणून दोन-तीन फेऱ्या कराव्याच लागतात. तबल्याची सोळा घरं मिळवणाऱ्याला विचारा, आपले तर आठच बोल्ट आहेत.

आठही जागी एकच स्वर आला की पान एकदम मोकळं होतं. हा क्षण मला शब्दांत नीट सांगता येत नाही. तोवर टिचकी मारली की 'वॉंव वॉंव' असा हेलकावे खाणारा नाद येत असतो, कारण वेगवेगळ्या बाजू वेगवेगळे स्वर बोलत असतात. सगळ्या जुळल्या की हेलकावा थांबतो आणि एक सरळ, लांब नाद निघतो.

खालचं पान किती चढवायचं? चांगलं चढवायचं. मध्यावर अंगठ्याने दाबलं तर अगदी थोडं दबावं, त्याहून नाही. वरचं मात्र त्याच्यापेक्षा खालच्या स्वराला. कोणत्या स्वराला, असं काल बँडच्या एका मुलीने विचारलं. आठवीतली मुलगी, आणि खालच्या पानाची कुठली बाजू उतरलेली आहे हे तिने माझ्याआधी ओळखलं होतं. तिचा प्रश्न रास्त होता, कारण ती तबला शिकते. तिला सांगितलं ते इथेही सांगतो. साध्या गोल पडद्यातून निघणारे स्वर एकमेकांशी नीट जुळत नाहीत. मूळ स्वर एक धरला तर पुढचे येतात 1.59 पट, 2.14 पट, 2.30 पट, असे वेडेवाकडे. तबल्या-मृदंगाला मध्यावर शाई असते, तिच्या वजनाने हे स्वर ताळ्यावर येतात आणि दुप्पट, तिप्पट अशा हिशेबात बसतात. सर चंद्रशेखर वेंकट रमण यांनी 1920 साली 'नेचर' या नियतकालिकात हे मांडलं होतं. आपल्या साइड ड्रमला शाई नाही. त्यामुळे तो षड्जात बसवण्याचा हट्ट करू नये. पान स्वतःशी जुळलेलं असावं आणि दोन पानांत अंतर असावं, एवढं सांभाळलं की पुरे.

ते अंतर किती, हे मात्र जागेवर ठरतं. मैदानावर, उघड्यावर, वरचं पान बऱ्यापैकी चढं हवं. चढा, तुटक आवाज लांब जातो आणि शेवटच्या रांगेतल्या मुलाला पाऊल नेमकं कळतं. हाच ड्रम या सभागृहात वाजवला तर कानात सुई टोचल्यासारखा वाटेल. इथे दोन-तीन पाव फेरे उतरवावा लागेल. परदेशातल्या पाइप बँडवाल्यांनी हा ताण टोकाला नेला आहे. त्यांचं वरचं पान केव्हलारचं, म्हणजे बुलेटप्रूफ जाकिटात वापरतात त्या धाग्याचं असतं, आणि तारांचा एक जादा संच वरच्या पानाच्या आतल्या अंगालाही लावलेला असतो. त्यामुळे त्यांचा प्रत्येक ठोका कात्रीने कापल्यासारखा येतो. माझं स्वतःचं मत विचाराल तर शाळेच्या बँडला इतकं कोरडं बरं नव्हे. आपल्या ताशाची तर्री ऐकलेल्या कानाला थोडी आस लागते.

आता तारा. तंबोऱ्याची जव्हारी ज्यांना माहीत आहे त्यांना हे चटकन कळेल. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा असतो. तो केसभर सरकवला की तार 'खुलते', जास्त सरकवला की बंद होते. म्हणजे ती झणझण मुद्दाम आणलेली असते, पण तिची जागा नेमकी लागते. ड्रमच्या तारांचं अगदी तसंच आहे. तारांचा पट्टा दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर, बरोब्बर मधोमध बसवायचा. बांधायची दोरी किंवा पट्टी दोन्ही बाजूंनी सारखी ओढलेली हवी, एक बाजू जास्त ओढली गेली तर निम्म्या तारा हवेत राहतात. मग खटका लावायचा, त्याचा स्क्रू पूर्ण ढिला करायचा आणि अगदी हळू, कोणाची झोप मोडू नये इतक्या हळू, कडेजवळ ठोके मारत स्क्रू थोडा थोडा पिळायचा. आधी नुसती खडखड येते. मग एका जागी तारा त्या हलक्या ठोक्यालाही स्पष्ट उत्तर देतात. तिथे थांबायचं. आणखी पिळलं तर तारा पानाला इतक्या घट्ट आवळल्या जातात की त्यांना सुटायला जागाच राहत नाही. ड्रमचा गळा दाबला जातो. जोरात मारून तारा कधी तपासू नयेत. जोराच्या ठोक्याला वाईट लावलेला ड्रमही थोडंफार उत्तर देतो.

एक तक्रार तुम्ही सगळ्यांनी ऐकलेली आहे, ती ड्रमची आहे हे कदाचित माहीत नसेल. प्रमुख पाहुणे माइकवर बोलायला लागले की बँडच्या रांगेतून कोणीतरी पुटपुटल्यासारखी 'झिझिझि' येते. ते तारांचं काम. आवाजाच्या लाटांनी खालचं पान हलतं आणि तारा बोलू लागतात; मोठा ढोल वाजला की तर नक्कीच. बँड थांबला की खटका सोडायचा, एवढाच उपाय. वाजवताना ढोलामुळे फारच बोलत असतील तर तारांच्या दोन्ही टोकांजवळचे बोल्ट किंचित उतरवायचे, किंवा वरचं पान अर्धा स्वर इकडेतिकडे करायचं. पूर्ण बंद व्हावं अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

आणि ती चिकटपट्टी! काल प्रत्येक वरच्या पानावर मला चिकटपट्टीचे थर मिळाले, एकावर तर रुमाल चिकटवलेला. नाद लांबला की तो दाबायला काहीतरी ठेवतात, ऑर्केस्ट्रात आम्ही पैशाचं पाकीटही ठेवलंय. गैर काहीच नाही. पण आधी लावून बघावं. जो नाद खटकतो तो पुष्कळदा न जुळलेल्या बोल्टांचा हेलकावा असतो, तो जुळवल्यावर जातो. उरलेला थोडा राहू द्यावा. जवळ उभ्या असलेल्या वादकाला तो फार वाटतो, पन्नास फुटांवर तो पोचतच नाही.

आपल्या आधीच्या मंडळींचे ड्रम कातड्याचे होते, हे आज इथे आलेले आपले वयाने मोठे माजी विद्यार्थी सांगतील. प्लॅस्टिकची, म्हणजे पॉलिएस्टरची पानं 1950 नंतरच्या दशकात अमेरिकेत बाजारात आली आणि आपल्याकडे पोचायला आणखी वेळ लागला. त्याआधी वासराचं किंवा बकऱ्याचं कातडं आणि खाली तारांऐवजी तात. कातडं हवेतली ओल पितं. म्हणजे 15 ऑगस्टला, भर पावसात, ड्रम ढिला पडणार, तो आवळायचा. आणि तसाच आवळलेला ठेवून दिला तर कोरड्या हवेत कातडं आक्रसून फाटणार. 26 जानेवारीच्या कोरड्या थंडीत त्याच ड्रमचा हिशेब पूर्ण वेगळा. ताशावाले अजूनही कातडी ताशा शेकून घेताना दिसतात, ते यासाठीच. त्या काळी ड्रम लावता येणं ही चैन नव्हती, त्याशिवाय परेड होतच नसे. प्लॅस्टिकच्या पानाला पावसाचं काही वाटत नाही. एकदा आवळलं की ते महिनोन्महिने 'बरं' वाजत राहतं, आणि मला वाटतं लावण्याची विद्या शाळांमधून गेली ती या सोयीमुळे. बोल्ट, कडी आणि तारा मात्र लोखंडाच्याच आहेत, त्यांना ओल अजूनही खाते. काल पाहिलेल्या तारांपैकी तीन संच गंजाने चिकटून एकेक पट्टीच झाले आहेत.

म्हणून माझी दुपारच्या बैठकीला उपसूचना अशी आहे. पाच ड्रमना खालची नवी पानं पाचही हवीत. वरची तीन बदलावी लागतील, दोन अजून वर्षभर चालतील. तारांचे तीन संच, मूठभर वायसर, चौकोनी डोक्याच्या बोल्टांच्या दोन चाव्या. सहाव्या ड्रमच्या जागी एक नवा घेऊ. हे सगळं मिळून सहा नव्या ड्रमांच्या खर्चाच्या कितीतरी खाली येतं. उरलेल्या पैशांतून त्या खोलीला एक कपाट घ्यावं, जमिनीपासून वर उचललेलं, कारण आज ते ड्रम फरशीवर, भिंतीला टेकून, एकावर एक ठेवलेले आहेत आणि भिंतीला ओल आहे.

बसवून देण्याचं काम माझ्याकडे लागलं. त्याचे पैसे घेणार नाही, पण एक अट आहे: बँडमधली मुलं शेजारी बसली पाहिजेत आणि पाचातले निदान तीन ड्रम त्यांनी लावले पाहिजेत. त्या आठवीतल्या मुलीला मी एक चावी कालच देऊन ठेवली आहे. दुसरी कपाटाच्या दाराला, आतल्या बाजूने, सुतळीने बांधून ठेवू; सैल चावी शाळेत आठवडाभरही टिकत नाही.

बैठक दोन वाजता आहे. त्याआधी, जेवणाच्या सुट्टीत, मी दोन ड्रम चित्रकलेच्या वर्गात मांडून ठेवतोय, एक काल लावलेला आणि एक तसाच. दोन्ही वाजवून बघा आणि मग ठरावावर हात वर करा. सर, तुम्हीही या. उलटा करून ठेवतो.